पाच वड्या, अर्धा गुण

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुम्ही खोकं आधी उघडलं असणार आणि पत्र मागून. हरकत नाही. पण आतलं काही तोंडात टाकलं असेल तर तिथंच थांबा आणि हे वाचा.

त्या पाच वड्या म्हणजे आमच्या कारखान्यातले प्रोटीन बार. कारखाना केवढा, तर दोन खोल्या, एक भट्टी, सहा बायका आणि एक मिक्सर. तो सुरू झाला की शेजारचा शिंपी रेडिओ बंद करतो. दाणे, तीळ, वाटाण्याचं प्रोटीन आणि बांधायला जरासा खजूर. चाळीस ग्रॅमच्या वडीत साखर फक्त चार ग्रॅम. स्वाद सगळे नैसर्गिक, म्हणजे साल, मूळ, बी असलं काहीतरी खरोखरचं घातलेलं.

आता कामाचं. गावात एक डॉक्टरीणबाई साखरेच्या रोग्यांचा दवाखाना चालवतात. मधल्या वेळेला रोग्यांना देण्यासाठी त्यांना रोज एक बार हवा आहे. पाचातला एक त्या २२ मार्चला निवडणार. निवडला, तर आमच्या मालकीणबाई स्वादाचं टेबल कायमचं माझ्याकडे देणार आहेत. नाही निवडला, तर मी परत वेष्टनं गुंडाळायला. दोन वर्षं गुंडाळली आहेत मामा. झोपेतसुद्धा उशीची टोकं दुमडते मी.

तुम्हालाच का पाठवल्या? एक तर तुमची साखर काठावर आहे आणि जीव गोडात आहे, म्हणजे तुम्ही आमचं अस्सल गिऱ्हाईक. दुसरं, मला वास ओळखायला शिकवलं कोणी? सुट्टीत तुमच्याकडे आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून डोळ्यांवर मामीचा रुमाल बांधायचात आणि नाकाखाली एकेक डबा धरायचात. नियम अजून पाठ आहेत. नाव बरोबर आलं तर एक गुण. वास आला पण नाव आलं नाही, तर नुसतं ‘आहे’ म्हणायचं, अर्धा गुण. आलाच नाही तर ‘नाही’. आणि उगाच ठोकून दिलं तर शून्य आणि वर एक टपली.

स्वाद मी मुद्दाम लिहिलेले नाहीत. वेष्टनावर फक्त आकडे आहेत. उत्तर कागदावरच पाठवा. फोनवर तुम्ही ‘छान आहे गं’ म्हणता आणि मोकळे होता.

तुमची,
नाकाडी

---

९ फेब्रुवारी

चि. नाकाडे,

अनेक आशीर्वाद. खोकं पोचलं. पत्र आधी वाचलं, तेव्हा तुझा पहिलाच अंदाज चुकला आहे.

मी वड्या कामावर नेल्या. आमच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत खिडकीखालचं टेबल स्वच्छ पुसून, नवं पातं घेऊन, पोलादी पट्टी लावून प्रत्येकीचे चार सारखे तुकडे केले. तुकडा इंचाच्या सोळाव्या भागाइतकासुद्धा वाकडा नाही. मग शांतपणे एकेक घेतला. अहवाल असा:

क्रमांक एक. संत्र्याची साल. शेजारच्या खोलीत कोणीतरी आत्ताच संत्रं सोललं आहे आणि आपल्याला विचारलेलं नाही, असा वास.

क्रमांक दोन. सुंठ. आधी गप्प, मग घशात हळूच चिमटा काढते.

क्रमांक तीन. दालचिनी. नव्या पॉलिश केलेल्या कपाटाची आठवण करून देते, पण चांगल्या अर्थानं.

क्रमांक चार. कॉफी. सासऱ्यासारखी आहे. आधी कडू, पण उठून जावंसं वाटत नाही.

क्रमांक पाच. कोको. ठीक. दिसतो गडद, बोलतो कमी.

माझं मत विचारशील तर संत्र्याची वडी सर्वांत पुढे. इथे सगळ्यांना तीच आवडली, म्हणजे मला आवडली.

तुला हे काम मनासारखं मिळो, एवढं सकाळी हात जोडताना रोज म्हणतो. मामी बरी आहे. तुझ्या वडीचा एक तुकडा तिनं खाल्ला आणि म्हणाली, ‘दातांना व्यायाम आहे.’ हे मत अहवालात धरू नये.

तुझा,
मामा

---

१५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तुम्ही पाचही स्वाद अचूक ओळखलेत. पण आकडे पाचही चुकलेत. एक नंबर कॉफी आहे, संत्रं नाही. संत्रं दोन नंबर. तीन कोको, चार सुंठ, पाच दालचिनी. एखादा चुकला असता तर तुमची गंमत केली असती. पाचच्या पाच? तुमचं नाक चुकणार नाही, हे मी लहानपणापासून धरून चालले आहे. मग चुकलं कोण? मीच. वेष्टनं गुंडाळताना ताटं अदलाबदल झाली असणार.

आणि तसल्याच आकड्यांची वीस खोकी दवाखान्यात गेली होती मामा! मी धावत गेले. डॉक्टरीणबाई रोगी तपासत होत्या. मी दारातूनच म्हटलं, ‘सगळी खोकी परत द्या.’ एक आजोबा तोंडातला घास थांबवून म्हणाले, ‘हा पण?’

मग आमच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुझं नाक रजेवर गेलंय का?’ मग तीन दिवस सगळं नव्यानं केलं. आता प्रत्येक ताट मी चार वेळा हुंगते आणि तरी खात्री वाटत नाही. काल दालचिनी हातात धरून शिंप्याच्या बायकोला विचारलं, ‘ही दालचिनीच ना?’ ती घाबरून आत गेली.

एवढं बरं, की दवाखान्यातसुद्धा संत्रंच पुढे आहे. डॉक्टरीणबाई स्वतः रोज एक खातात.

आणि एक विचारायचं राहिलं. कॉफी सासऱ्यासारखी कडू म्हणजे? तुमचे सासरे म्हणजे मामीचे बाबा. ते तर निव्वळ साखरेचा पाक होते!

तुमची,
(नाकाडी लिहायचा धीर होत नाही)

---

२१ फेब्रुवारी

चि. नाकाडे,

आधी हे वाच आणि मग खाली बस, किंवा आधी बस. तुझं नाक रजेवर गेलेलं नाही. माझं गेलं आहे.

गेल्या वर्षी मला आठवडाभर सर्दीताप होता, आठवत असेल. ताप गेला आणि वास घेऊन गेला. पहिले काही दिवस कळलंच नाही. मग एकदा खोलीत सरसाचं भांडं करपलं. सगळे खोकत बाहेर पळाले आणि मी आत पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसलो होतो. बाहेर ते म्हणत होते, ‘काय एकाग्रता आहे!’ मी काही बोललो नाही. तिथूनच खोटं सुरू झालं. कोणी काही नाकाशी धरलं की मी मान हलवतो आणि ‘वा’ म्हणतो. वर्षभर ‘वा’ म्हणतो आहे.

तुला पाठवलेला अहवाल माझा नाही. आमचा दाबयंत्रावरचा माणूस तुला माहीत आहे, ज्याच्या अंगावर मूठभर मांस नाही म्हणून त्याला आम्ही पहिलवान म्हणतो. तो एकेक तुकडा खाऊन बोलत होता आणि मी पाठमोरा होऊन लिहून घेत होतो. सासरा त्याचा आहे.

आणि आकडे. अगं, जुनं पुस्तक हातात आलं की बांधणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे वेष्टन काढून टाकणं. तीस वर्षांची सवय. मी पाचही वड्यांची वेष्टनं काढून टोपलीत टाकली. मग उघड्या वड्या समोर आल्या, तर आम्ही कातडी लावतो तशा फिक्याकडून गडदाकडे लावल्या, आणि त्यालाच एक ते पाच म्हटलं. आकडे वेष्टनावर होते, हे तुझं पत्र येईपर्यंत डोक्यातच आलं नाही.

तुझी तीन दिवसांची मेहनत, दवाखान्यातली ती धावाधाव, बाईंचं बोलणं, सगळं माझ्या खोट्यामुळे. त्याहून वाईट म्हणजे तुझा स्वतःवरचा भरवसा हलला. मला हे लपवायचं होतं ते जगापासून नाही, तुझ्यापासून. तुला सारखं वाटायचं की मामाला सगळं ओळखता येतं. तेवढं एक राहू दे, असं वाटलं.

खरं सांगायचं तर मला चैन पडत नाही ते वेगळ्याच गोष्टीनं. सकाळी देवापुढे एक फूल ठेवतो. पूर्वी हात जोडले की वास यायचा आणि वाटायचं, आपलं ऐकलं गेलं. आता हात जोडतो आणि समोरून काहीच येत नाही. ठेवायचं मात्र सोडलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. उपयोगाची आहे की नाही तू ठरव. उरलेले तुकडे मी दोन दिवसांत एकट्यानं खाल्ले. वास नसला तरी जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळतं. त्या हिशेबानं मला चार वड्या जवळजवळ एकच आहेत. सारख्याच गोड. कॉफी आणि कोको जरा कडू, सुंठ झोंबते, एवढाच फरक. पण संत्र्याची वडी इतरांपेक्षा बरीच गोड आहे. पहिलवान म्हणाला, ‘संत्रं आहे, गोड वाटणारच.’ पण मला त्यात संत्रं सापडतच नाही. मला फक्त गोड सापडतं.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
मामा

(याच पाकिटात, वाणसामानाच्या कागदाच्या पाठीवर)

बाळे, यांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं. मी वाफेवर उघडलं. यांना वाटतं मला काही माहीत नाही. गेल्या वर्षी दूध उतू जाऊन पार कोळसा झाला आणि हे शेजारी बसून म्हणाले, ‘आज घरात काय छान वास सुटलाय!’ तेव्हाच कळलं. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील. तुला आधी सांगितलं याचा मला राग आलाय, पण थोडाच. तू जास्त रागावू नको. खळीनं परत चिकटवते आहे. यांच्याच खळीनं. – मामी

---

२७ फेब्रुवारी

मामा,

शून्य गुण आणि वर एक टपली.

रागावले होते. पूर्ण एक दिवस. तुम्हाला वास येत नाही याचा राग कसला येणार? राग याचा, की त्या तीन दिवसांत मला माझ्याच नाकाची भीती वाटत होती, आणि तुमच्या एका ओळीनं ती गेली असती. दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. करपलेल्या सरसाजवळ तुम्ही खळ लावत बसला आहात, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी मिक्सरपाशी एवढी हसले की बाईंनी मिक्सर बंद करून विचारलं, ‘काय झालं?’ मी सगळं सांगितलं. सगळ्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तुमच्या पत्रातली एक ओळ दोनदा वाचायला लावली. ‘मला फक्त गोड सापडतं.’

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. संत्र्याचा वास आला की जीभ आपोआप गोड धरते. आम्हा सगळ्यांना ती वडी जास्त गोड लागायची आणि आम्ही म्हणायचो, संत्र्याचा गुण आहे. पण तुमच्या बाबतीत संत्रं मध्ये बोलतच नाही. मग ती तुम्हाला गोड का लागली?

बाई म्हणाल्या, ‘एकदा लागली असेल. पुन्हा बघ.’ म्हणून सोबत बारा तुकडे पाठवते. यावेळी वेष्टन नाही, म्हणजे तुम्हाला काढायला काही नाही. आकडा वडीतच ठशानं दाबला आहे. रंग सगळ्यांचा सारखा दिसावा म्हणून वरून एकच कोकोची भुकटी लावली आहे, म्हणजे तुम्हाला फिक्याकडून गडदाकडे लावताही येणार नाही. तुमच्यासाठी एवढी सोय कोणी केली नसेल.

जे जास्त गोड लागतील त्यांचे आकडे फक्त लिहा. पहिलवानांना विचारायचं नाही. त्यांच्या सासऱ्यांनाही नाही.

तुमची,
नाकाडी (पुन्हा)

---

५ मार्च

चि. नाकाडे,

परीक्षा दिली. मामीनं पर्यवेक्षक म्हणून काम पाहिलं आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पाणी पिऊन चूळ भरायला लावली. सर्वांसमोर सांगून टाकलं आहे की मला वास येत नाही. पहिलवान म्हणाला, ‘म्हणजे त्या दिवशी मी नवा साबण लावून आलो आणि तुम्ही वा म्हणालात, ते खोटं?’ त्याचं मन दुखावलं आहे. बाकी सगळं सुरळीत आहे.

गोड लागलेले: तीन, सात, दहा.

इतर नऊ गोडीला एकसारखे. हे मी ठोकून दिलेलं नाही. सात नंबरला थोडा घोटाळा वाटला म्हणून तो दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा खाल्ला. सातही गोड.

सांगून टाकल्यापासून बरं वाटतं आहे. वर्षभर पोटात धरलेला श्वास सोडल्यासारखं. मामीला सांगितलं तेव्हा तिनं एवढं मोठं आश्चर्य दाखवलं की मला संशय येतो आहे.

तुझा,
मामा

---

१३ मार्च

मामा,

तीन, सात, दहा. बारा तुकड्यांत संत्र्याचे तेवढेच तीन होते.

बाईंनी त्याच दिवशी संत्र्याचा डबा तपासणीला दिला. आम्ही साल स्वतः किसत नाही. एक पुरवठादार सालीचा तयार गर देतो. डब्यावर लिहिलं आहे, ‘नैसर्गिक, फक्त साल आणि पाणी’. त्याचा सुगंध मंद म्हणून आम्ही सहा भागांना एक भाग असा सढळ हातानं घालायचो. तपासणीचा कागद काल आला. गरात निम्म्याहून जास्त साखरेचा पाक आहे. म्हणजे आमच्या चार ग्रॅमच्या वडीत आठ ग्रॅम साखर. आणि आम्ही वेष्टनावर चार छापून ती साखरेच्या रोग्यांच्या हातात देत होतो.

डबा परत गेला. पुरवठादार फोनवर म्हणाला, ‘पण साखर पण नैसर्गिकच असते ना हो?’ बाईंनी फोन एवढ्या हळू ठेवला की मला त्यांची भीती वाटली.

आता खरा पेच. २२ तारखेला नऊ दिवस उरलेत. डॉक्टरीणबाईंचा कल संत्र्याकडेच आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणतात, ‘गप्प बसू. त्यांना संत्रं निवडू दे. मग आपण गुपचूप खरी साल घालू आणि साखर चारवर आणू. कोणाचं काय वाईट झालं?’ बाईंनी माझ्याकडे बोट केलं. ‘टेबल तुझ्याकडे येणार आहे, तर तूच ठरव.’

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, यांना आपल्याच वडीत काय आहे ते ठाऊक नाही, आणि पाचही वड्या हातच्या जातील. त्या दवाखान्याशिवाय हा कारखाना उन्हाळा काढेल असं बाईंनाही वाटत नाही. मी एकटी वेष्टनांकडे परत गेले असते तर चाललं असतं. पण सहाजणी आहेत.

तुम्ही असता तर काय केलं असतं?

तुमची,
नाकाडी

---

१७ मार्च

चि. नाकाडे,

मी काय केलं असतं ते विचारू नकोस. मी वर्षभर ‘वा’ म्हणत बसलो, हे तुला माहीत आहे. मी काय पाहिलं आहे ते सांगतो.

गावातली शाळा सुटली आणि मी वस्तादांकडे काम शिकायला लागलो. एका शब्दकोशाच्या दोनशे प्रती होत्या. शिवून, पाठ चिकटवून, पुठ्ठा चढवून झाल्या. मग माझ्या लक्षात आलं की एक फर्मा मीच उलटा शिवला आहे. दोनशेच्या दोनशे प्रतींत, मधली सोळा पानं डोक्यावर उभी. बाहेरून देखणं काम होतं. ती पानं कोण उघडणार होतं? मी रात्रभर स्वतःला हेच सांगत होतो. सकाळी वस्तादांना दाखवलं. ते रागावले नाहीत. एक प्रत हातात घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, ‘सोडव.’ आम्ही दोघांनी मिळून दोनशे प्रती सोडवल्या. नऊ दिवस लागले. गिऱ्हाइकाला उशिराचं कारण वस्तादांनी स्वतः जाऊन सांगितलं. ते गिऱ्हाईक अजून आमच्याकडे येतं की नाही, हे सांगून तुला लालूच दाखवणार नाही. येत नसतं तरी मी ही गोष्ट सांगितली असती.

गुपचूप दुरुस्त केलेलं दुरुस्त होतं, हे खरं आहे. पण मग तू त्या डॉक्टरीणबाईंच्या समोर कधीही उभी राहिलीस की मनात एक ‘वा’ म्हणावा लागेल. मला त्याचा अनुभव आहे. फार दमायला होतं.

आणि आणखी एक. ती वडी खाणारी माणसं माझ्यासारखी आहेत. आम्हाला गोडाची फार ओढ असते गं. कोणीतरी म्हणतं, हे खा, यात साखर कमी आहे, आणि आम्ही डोळे मिटून विश्वास टाकतो. तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून मी कधी चुकीचा डबा धरला नव्हता.

पुढचं तू ठरव. सहाजणींसाठी सकाळी हात जोडतो आहे.

तुझा,
मामा

---

२४ मार्च

मामा,

सांगितलं.

बाई आणि मी दोघी गेलो. तपासणीचा कागद टेबलावर ठेवला आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

‘म्हणजे गेला महिनाभर मी रोज आवडीनं खाते त्या वडीत दुप्पट साखर?’

‘हो.’

‘तरीच आवडत होती.’

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, ‘हे पकडलं कोणी?’

‘माझ्या मामांनी.’

‘कुठल्या प्रयोगशाळेत असतात?’

‘पुस्तकं बांधतात. त्यांना वास येत नाही.’

मग सगळी गोष्ट सांगावी लागली, फिक्याकडून गडदाकडे, पहिलवानांच्या सासऱ्यांसकट. बाहेर रोगी खोळंबले होते आणि आत डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसत होत्या. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, ‘यापुढे प्रत्येक घाण्याचा तपासणीचा कागद मला हवा. नाही आला तर त्याच दिवशी बंद. आणि आता दालचिनी चालू करा. संत्र्याची वडी तुम्ही स्वतः साल किसून करा, मग बघू. तोपर्यंत मीही दालचिनीच खाईन. शिक्षा म्हणून.’

मामा, निवड झाली! दालचिनी! तुमचं ते पॉलिश केलेलं कपाट!  कारखान्यात आल्यावर बाईंनी स्वादाच्या टेबलापाशी असलेल्या खुर्चीवरची त्यांची उशी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘बस.’ आणि तुम्हाला निरोप आहे. दर घाण्यातल्या दोन वड्या तुमच्याकडे येणार. बाईंच्या वहीत तुमची नेमणूक लिहिली आहे, ‘जीभ’. साखर किती जाईल याचा विचार मी केला आहे, म्हणून तुमच्या वाट्याला एकेक तुकडा आणि बाकीच्या वड्या मामींना आणि पहिलवानांना. त्यांच्या अंगावर थोडं प्रोटीन चढू दे.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, गेलेला वास कधीकधी शिकवून परत येतो. चार ठरावीक वास रोज दोनदा, शांतपणे, आठवून आठवून घ्यायचे. महिने लागतात. येईलच असं नाही.

म्हणून सोबत चार लहान बाटल्या. चारांत चार वेगळे अर्क. आकडे बाटलीच्या काचेवरच कोरले आहेत, ते तुम्हाला काढता येणार नाहीत. मामींना म्हणावं, रुमाल काढा. नियम तेच.

तुमची,
नाकाडी, स्वादाचं टेबल

---

१२ एप्रिल

चि. नाकाडे,

अभिनंदन. मामीनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मग स्वतः तिसऱ्यांदा वाचलं. पहिलवानाला तुझ्या वड्या मिळाल्यापासून तो साबणाचं विसरला आहे.

रोज सकाळी देवाचं झालं की मी उंबऱ्यावर बसतो. मामी रुमाल बांधते आणि एकेक बाटली धरते. तिला हे काम फार आवडलं आहे. मध्येच रिकामी वाटी धरून बघते मी फसतो का.

एक: नाही. दोन: नाही. तीन: नाही. चार: नाही.

तुझा,
मामा

---

९ मे

चि. नाकाडे,

नाही, नाही, नाही, नाही.

तुझ्या खऱ्या सालीच्या संत्र्याच्या वडीचा तुकडा पोचला. इतर वड्यांइतकाच गोड. एक कणही जास्त नाही. हे जिभेचं अधिकृत मत समजावं. तुझ्या डॉक्टरीणबाईंची शिक्षा संपवायला हरकत नाही.

बाटल्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. मला त्या बसण्याचीच सवय लागली आहे. काही आलं नाही तरी दहा मिनिटं कोणाची तरी वाट बघितल्यासारखं होतं, आणि तेही वाईट नाही.

तुझा,
मामा

---

३० जून

चि. नाकाडे,

आज सकाळची गोष्ट. तुला लगेच लिहितो आहे, अजून कामावर गेलो नाही.

एक: नाही. दोन: नाही.

तीन नंबरची बाटली मामीनं धरली आणि मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण म्हणवेना. मामी म्हणाली, ‘काय झालं?’ मी तिला थांब म्हटलं. बाटली दूर न्यायला लावली, पुन्हा जवळ आणायला लावली. तिनं मध्ये रिकामी वाटीही धरून पाहिली. वाटीला नाही. बाटलीला मात्र काहीतरी.

काय ते सांगता येत नाही. गोड की उग्र, फूल की साल, काहीच कळत नाही. फार लांबून, भिंतीपलीकडून कोणी हाक मारावी आणि शब्द कळू नयेत, तसं. मी नाव ठोकून देणार नाही. मामी आग्रह करत होती, ‘सांगा ना काहीतरी, लिंबू म्हणा.’ मी म्हटलं, नियम आहेत.

मग तिनं रुमाल सोडला आणि त्यानंच स्वतःचे डोळे पुसले.

तीन: आहे.

चार: नाही.

तुझा,
मामा

---

५ जुलै

मामा,

मिक्सर बंद करून सहाजणींना पत्र वाचून दाखवलं. शिंप्यानंही रेडिओ बंद केला.

अर्धा गुण दिला आहे.

उद्या सकाळी पुन्हा उंबऱ्यावर बसा.

तुमची,
नाकाडी